पंचांची रिकामी जागा : ‘कोर्ट’ पुन्हा पाहताना

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता : चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पोलिसांविरुद्धचा सिनेमा आहे का? तेव्हा आम्ही घाईत ‘हो’ म्हणालो. मग तो पुन्हा पाहिला आणि आता वाटतंय, आपलं उत्तर अर्धवट होतं. तक्रार पोलिसांबद्दल आहेच, पण ती तिथे संपत नाही. ती बरीचशी आपल्याबद्दल आहे.

आधी एक तुलना करू. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये वेलणकर नावाचा फौजदार कोठडीतल्या माणसाला मारत सुटतो आणि तो माणूस मरतो. तिथे नियम उघडउघड मोडलेला दिसतो. ‘कोर्ट’ २०१४ चा. इथे तशी कोठडीतली मारहाण दिसत नाही. शाहीर नारायण कांबळे यांना कार्यक्रमाच्या जागीच अटक होते. आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. पुढे कागद आहेत, तारखा आहेत, साक्षीदार आहेत. सगळं रीतसर. आणि माणूस आतच.

हे कसं होतं? कायद्यात संरक्षण नाही असं नाही. राज्यघटनेचं कलम २२ बघा : अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी बजावलं की अटकेचा पंचनामा करा, त्यावर वेळ-तारीख घाला, आणि घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या. झडतीचंही तसंच. त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवायचे, त्यांच्या डोळ्यांदेखत वस्तूंची यादी करायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या. चौकशीत पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम तर १८७२ पासूनचा. पण आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग चालतो. आणि ‘त्याने सांगितलं, त्यानेच काढून दिलं’ हे कोर्टात येऊन कोण सांगणार? पुन्हा पंचच.

लक्षात येतंय का? कायद्याने पोलिसांवर नजर ठेवायला प्रत्येक वेळी न्यायाधीश पाठवलेला नाही. त्याने शेजारी पाठवलाय. म्हणजे तुम्हाला-आम्हाला.

आता सिनेमाकडे या. कांबळेंनी ते गाणं म्हटलं, आपण ऐकलं, असं सांगणारा एक साक्षीदार येतो. बचावाचे वकील उलटतपासणीत दाखवून देतात की हा गृहस्थ आधीच्याही खटल्यांत साक्षीदार होता. म्हणजे पोलिसांचा नेहमीचा माणूस. आम्ही पाहिलं तेव्हा थिएटरात हशा पिकला. आम्हीही हसलो.

इथेच आमची तक्रार आहे. हा सिनेमा फार मायेने माणसांच्या मागे त्यांच्या घरी जातो. वकिलाच्या घरी जातो. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात, ते दाखवतो. न्यायाधीशांबरोबर तर तो सहलीलाही जातो. मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष इतकी साधी आणि इतकी खरी की अंगावर येते. पण त्या नेहमीच्या साक्षीदाराच्या घरी कॅमेरा जात नाही. तो येतो, पकडला जातो, निघून जातो. तो कोण? टपरीवाला? कुठल्या जुन्या केसमध्ये अडकलेला? नाही म्हणायची त्याची ऐपत आहे का? पडद्यावरच्या या सगळ्या यंत्रणेत सगळ्यांत स्वस्त सही त्याची, आणि त्याच सहीवर एका शाहिराचं स्वातंत्र्य लटकलेलं. ताम्हाणेंनी त्याला विनोदावर सोडलं, ही या उत्तम सिनेमातली आम्हाला जाणवलेली एकमेव खरी उणीव.

पण तो त्या जागी आला कसा, हे आम्हाला सांगता येईल. काही वर्षांपूर्वी रात्री शेजारच्या इमारतीत झडती होती. हवालदारांनी आमचं दार वाजवलं, “साहेब, पंच म्हणून जरा येता का? पाचच मिनिटं.” आम्ही म्हणालो, बरं वाटत नाहीये. खरं म्हणजे ठणठणीत होतो. पुढे कोर्टाच्या खेपा नकोत, एवढंच. खिडकीतून पाहिलं तर कोपऱ्यावरून दोन अनोळखी पोरं आणली होती. पाच मिनिटांत सह्या झाल्या.

कायद्याला हे ठाऊक आहे बरं का. त्या भागातला कुणी मिळत नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या भागातला चालेल, अशी सोय तरतुदीतच आहे. लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे, तेही आहे. पण दार वाजवणाऱ्या हवालदाराकडे लेखी आदेश कुठे असतो? आणि झडतीत त्रुटी राहिली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच म्हटलंय. तेव्हा ‘कोर्टात बघून घेऊ’ हा भरवसा तितकासा पक्का नाही.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. चांगलंच आहे. पण मोबाइल धरणारा हात पोलिसांचाच. कॅमेरा विचारत नाही, “साहेब, ही पिशवी आधी कुठे होती?” ते शेजाऱ्याने विचारायचं असतं.

‘कोर्ट’च्या शेवटी कांबळे जामिनानंतर यूएपीएखाली पुन्हा आत जातात आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. तिथे आपण न्यायव्यवस्थेला नावं ठेवत उठतो. ठेवायलाही हवीत. फक्त पुढच्या वेळी रात्री दार वाजलं तर जाऊया. डोळ्यांनी बघूया, लिहिलेलं सगळं वाचूया, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं नाही. तारीख पडली की कोर्टात जाऊन तेच सांगायचं. आम्ही त्या रात्री गेलो नाही. त्या घरातल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत आम्हाला अजून झालेली नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.