३१० मार्क आणि एक पुस्तक

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती नाशिकमध्ये अकरावीला आहे, बायो ग्रुप, आणि सोबत नीटचा क्लास. दहावीला ९३ टक्के होते. क्लासच्या पहिल्या मोठ्या टेस्टमध्ये ७२० पैकी ३१० पडले. ‘ताई, बायो सोडून मॅथ्स घेऊ का? महिनाअखेरपर्यंत बदलून मिळतंय,’ एवढंच तिला विचारायचं होतं. मागून काकांचा आवाज येत होता: ‘पहिल्याच टेस्टला ही गत, पुढे काय?’

त्याच आठवड्यात क्लासच्या पालकसभेत ‘ग्रोथ माइंडसेट’वर भाषण झालं होतं, आणि कॅरोल ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक पालकांनी वाचावं असं सांगितलं होतं. काकांनी ते लगेच विकत आणलं, पन्नासेक पानं वाचली आणि मुलीला म्हणाले, ‘तुझा माइंडसेट फिक्स्ड आहे.’ म्हणजे मार्क कमी पडल्याचं दुःख होतंच, त्यात आता स्वभावातही खोट निघाली!

म्हणून या वेळी नेहमीसारखा एखादा शोधनिबंध समजावून सांगण्याऐवजी या पुस्तकाबद्दल लिहिते आहे. पुस्तक वाईट नाही. पण पहिल्यांदा कमी मार्क पडलेल्या मुलाच्या हातात ते दिलं, तर त्यातलं नेमकं काय घ्यायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे कोणीतरी सांगायला हवं.

पुस्तक काय म्हणतं

‘माइंडसेट’ २००६ साली आलं. ड्वेक स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: काही जण बुद्धी जन्मजात ठरलेली मानतात (फिक्स्ड माइंडसेट), काही जण ती मेहनतीने वाढते असं मानतात (ग्रोथ माइंडसेट). अपयश आलं की पहिल्या गटाला वाटतं आपली लायकी उघडी पडली. दुसरा गट विचारतो, आता काय बदलायचं?

या मुद्द्यामागे प्रयोग आहेत. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्या अपयशानंतर ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर खचली आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटताना आपण मुलांना काय काय म्हणतो, ते आठवून बघा.

पुस्तकात एक प्रसंग तर थेट आपल्या विषयाचा आहे. अमेरिकेत डॉक्टर व्हायचं असेल तर आधी कॉलेजात रसायनशास्त्राचा एक अवघड कोर्स पार करावा लागतो. शाळेत कायम पहिल्या नंबरात राहिलेली मुलं इथे येतात आणि पहिल्याच परीक्षेत आपटतात. हायडी ग्रँट आणि ड्वेक यांनी अशा मुलांवर अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. शिकण्यासाठी शिकणारी मुलं खराब सुरुवातीनंतर सावरली. स्वतःला सिद्ध करायला आलेली मुलं तितकी सावरली नाहीत.

अकरावीत गेलेल्या आपल्या मुलांची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे ‘कॉलेज’ दहावीनंतरच सुरू होतं, आणि डॉक्टर होण्याच्या वाटेवरची पहिली ठेच इथेच लागते.

पण नंतर काय झालं

ग्रँट-ड्वेक अभ्यासात मुलांचा दृष्टिकोन मोजला होता, बदलला नव्हता. सावरणाऱ्या मुलांचा दृष्टिकोन वेगळा होता, एवढंच त्यावरून कळतं. दृष्टिकोनामुळेच ती सावरली असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी काही मुलांचा दृष्टिकोन बदलून पाहायला हवा.

तेही झालं. २०१८ साली व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले. सरासरी परिणाम निघाला ०.०८ प्रमाण विचलन. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण तीन जागा पुढे सरकतं. २०१९ साली ‘नेचर’मध्ये डेव्हिड येगर, ड्वेक आणि इतरांचा मोठा अभ्यास आला: अमेरिकेतल्या ६५ शाळा, नववीची १२ हजारांहून जास्त मुलं, आणि तासाभरापेक्षाही कमी वेळाचं ऑनलाइन सत्र. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचा ग्रेड साधारण चारच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ ने वाढला. आणि जिथे सोबतची मुलंही अवघड गोष्टीला हात घालायची, तिथे परिणाम जास्त दिसला.

तासाभराच्या फुकट उपायासाठी ०.१ हे खरंच चांगलं आहे, मी नाक मुरडत नाही. पण पालकसभेत जे सांगितलं जातं (‘माइंडसेट बदला, मार्क बदलतील’) ते आणि हा आकडा यांच्यात खूप अंतर आहे. शिवाय ‘तुझा माइंडसेट फिक्स्ड आहे’ असं मुलीला ऐकवणं म्हणजे पुस्तकाच्या बरोबर उलटं वागणं. पुस्तक शिक्के पुसायला सांगतं, आपण नवीन शिक्का मारला. असं होतंय हे ड्वेक यांच्याही लक्षात आलं होतं. नुसत्या मेहनतीचं कौतुक म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे, असं त्यांनी २०१५ साली स्वतःच लिहून स्पष्ट केलं.

पुस्तक जे विचारत नाही

माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. मार्क आल्यावर मुलाने कसं वागावं हे पुस्तक सांगतं. तो मार्क मुळात काय मोजतो, हे ते फारसं विचारत नाही. तो आकडा म्हणजे सत्य, आणि आपण त्याला धीराने सामोरं जायचं, असं गृहीत धरलेलं असतं. विज्ञान शिकलेल्या माणसाने आधी मोजपट्टी तपासावी.

आपण ९३ टक्क्यांची तुलना ७२० पैकी ३१०, म्हणजे ४३ टक्क्यांशी करतो. पण दहावीला १०० पैकी २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे, टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची, आणि चुकलं तरी मार्क कापले जात नाहीत. नीटच्या धर्तीवरच्या टेस्टमध्ये १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. बहिणीने १५० प्रश्न सोडवले, ९२ बरोबर, ५८ चूक. ३६८ वजा ५८ म्हणजे ३१०. सोडवलेल्यांपैकी ६१ टक्के उत्तरं तिची बरोबर होती. ९३ वरून ४३ वर ‘घसरण’ झाली असं घरात सगळे म्हणत होते, पण या दोन आकड्यांची पट्टीच एक नाही.

दुसरं, नशीब. समजा तयारी अगदी तेवढीच ठेवून तिने त्याच धड्यांवरचा दुसरा पेपर दिला असता. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र धरून सोपा हिशोब केला, तर नुसत्या प्रश्नांच्या निवडीमुळे तिचे मार्क साधारण ३० ने वर-खाली होतील. म्हणजे तीनपैकी दोन वेळा ती २८० ते ३४० मध्ये कुठेतरी असेल. हा हिशोब खोटा दिलासा देण्यासाठी नाही. नशिबाने ३१० चे ६०० होत नाहीत. पण ३१० आणि ३३५ यांत फरक आहे असं एका टेस्टवरून म्हणता येत नाही.

इथे घराघरांत होणारी एक फसगतही सांगते. एखादी टेस्ट नशिबाने जास्तच खराब गेली, तर पुढची आपोआप थोडी बरी जाण्याची शक्यता असते. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हे पाहिलं होतं: टोकाचे आकडे पुढच्या मापात सरासरीकडे सरकतात. डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाचे प्रशिक्षक सांगायचे, की कौतुक केलं की शिकाऊ वैमानिक बिघडतात आणि ओरडलं की सुधारतात. कानेमन यांच्या लक्षात आलं की ओरडा बसतो तो खास वाईट उड्डाणानंतर, आणि त्यानंतरचं उड्डाण तसंही बरं होणारच होतं. काका ओरडतील, पुढच्या टेस्टला ३४० पडतील, आणि ओरडण्याला श्रेय जाईल. मोटिव्हेशनल भाषणाचंही तेच.

तिसरं, आजूबाजूचे लोक. शाळेत ती पहिल्या तिघांत होती. आता क्लासच्या हॉलमध्ये प्रत्येक शाळेतले पहिले तिघे बसलेत. हर्बर्ट मार्श यांनी याला ‘लहान तळ्यातला मोठा मासा’ असं नाव दिलं: क्षमता तीच असली, तरी हुशार मुलांच्या गटात गेल्यावर स्वतःबद्दलचं मत खाली येतं. मार्श आणि हाउ यांनी २००३ साली २६ देशांतल्या लाखभर पंधरा वर्षांच्या मुलांची आकडेवारी तपासली, तर जवळजवळ सगळीकडे हेच दिसलं. भारत त्यात नव्हता, पण नीटच्या क्लासचं दार उघडून आत डोकावलेल्या कुणालाही हे पटेल. आणि हे एकदाच होत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. त्याच्याशी संलग्न कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पोचलेलं मूल ॲनाटॉमीच्या पहिल्या परीक्षेत पुन्हा याच तळ्यात पडतं.

मग घ्यायचं काय?

रसायनशास्त्राच्या त्या गोष्टीत एक परिच्छेद आहे, त्याची पोस्टर कुणी छापत नाही. ड्वेक सांगतात की सावरलेली मुलं अभ्यासच वेगळ्या रीतीने करत होती. बाकीची पुस्तक आणि वह्या पुन्हा पुन्हा वाचून पाठ करत होती. ही मुलं धड्यांमधला धागा शोधत होती, चुका समजेपर्यंत उलगडत होती. माझ्या मते या पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी पान हेच आहे. त्यात भर विश्वासावर नाही, पद्धतीवर आहे.

पद्धतीमागचा पुरावा जास्त भक्कम आहे. २००६ सालीच रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कुणाला होती? वाचणाऱ्यांना!

म्हणून मी बहिणीला पुस्तक बाजूला ठेवायला आणि पेपर समोर घ्यायला सांगितलं. त्या ५८ चुकांच्या तिने तीन याद्या केल्या. तुक्के २१, माहीत असून चुकलेले १६, आणि मुळात कळलंच नव्हतं असे २१. तुक्क्यांवरून सर खूप बोलले होते. पण तुक्क्याने सहा बरोबरही आले होते, म्हणजे २४ मिळाले, २१ गेले. तिथे नफाही नाही, तोटाही नाही. ‘माहीत असून चुकलेले’ बहुतेक बायोचे निघाले, तीन-तीनदा वाचलेल्या धड्यांवरचे. आणि ‘कळलंच नव्हतं’ या यादीतले जवळजवळ सगळे फिजिक्सचे, सदिश आणि प्रतलातील गती या दोन धड्यांतले.

आता तिचा प्रश्न पुन्हा वाचा. बायो सोडून मॅथ्स घेऊ का? बायो सोडलं असतं तरी फिजिक्स आणि सदिश तिच्या मागे मागे मॅथ्स ग्रुपमध्ये आलेच असते. ३१० या एका आकड्यावरून ती चुकीचा विषय सोडायला निघाली होती, आणि तिचा माइंडसेट कितीही ‘ग्रोथ’ असता तरी हे तिला कळलं नसतं. ते याद्या केल्यावर कळलं.

तिने अर्ज भरला नाही. तिला डॉक्टर व्हायला जमेलच असं मी तिला सांगितलेलं नाही, कारण ते ना मला माहीत आहे ना त्या पुस्तकाला. ठरलंय एवढंच: दिवाळीपर्यंत अजून तीन टेस्ट, प्रत्येकीनंतर तीन याद्या, आणि ग्रुपचा विचार त्यानंतर. मुदत गेल्यावर बदलणं अवघड जाईल, हे धरून तिने तसं ठरवलंय.

तुमच्या घरात असं मूल असेल तर आज रात्री मार्क विचारू नका, पेपर मागा. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर याद्या नंतर. आधी त्याच्याजवळ बसा आणि टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. तिथे दिवसरात्र कुणीतरी असतं.