यशोधरेला मॅडोना म्हणू नका

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातल्या माय-लेकराचं कौतुक करायचं म्हटलं की कोणीतरी शहाणा तिला 'भारताची मॅडोना' म्हणतोच. माझं टाळकं फिरतं.

मॅडोनाशी माझं भांडण नाही. राफाएलची 'सिस्टाईन मॅडोना' मी रद्दीतून आणलेल्या छापील प्रतीत पाहिली. अस्सल चित्र जर्मनीत, ड्रेस्डेनला. वाशीमहून तिकडं कोण नेतं बापा! पोप दुसऱ्या ज्युलियसनं 1512 साली पिआचेन्झाच्या मठासाठी ते काढून घेतलं. मेरी ढगांवरून चालत येते, पाय अनवाणी. कडेवरच्या लेकराच्या डोळ्यांत भेदरल्यासारखं काहीतरी. बाजूला संत सिक्स्टस, हाही पोप. त्यानं मुकुट काढून खाली कठड्यावर ठेवलाय. अनवाण्या बाईपुढं धर्मसत्तेचा मुकुट खाली! आपल्याकडं कोणत्या देवळात दिसतं हे? लोकांनी मात्र त्यातून उचलली तळाची दोन पंखवाली पोरं, कॅलेंडर-भेटकार्डांवर छापायला.

पण ही माय काही मागत नाही. सुताराच्या घरची बाई, राफाएलनं ढगावर चढवली. पायाखाली माती नाही, आणि लेकराचा वारसा वरच ठरलेला.

यशोधरा दारात उभी आहे. समोर भिक्षापात्र घेतलेला बुद्ध, तिच्या कितीतरी पट मोठा. ती राहुलला पुढं करते. कथा आपल्या घराघरात ठाऊक आहे : जा, बापाजवळ वारसा माग. बापानं राज्य दिलं नाही, संघात घेतलं. ते मोठं देणं असेल, आहेच. पण तिनं विचारलं हे विसरू नका. घर सोडून गेलेला नवरा दारात आलाय अन् बाई म्हणते, माझ्या पोराचं काय? मजुरीला गेलेल्या माणसाची वाट पाहणारी कोणतीही माय हे चित्र समजावून न सांगता समजेल. तिला मॅडोना म्हटलं की हा सवाल पुसला जातो. उरते एक गोड माय, भिंतीवर टांगायला.

आणि यात आपलं गाव येतं. वाशीम म्हंजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात तिथल्या हरिषेणाच्या काळात ही लेणी खोदली. सोळावं दिलं त्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं. सतरावं एका मांडलिक राजानं. त्या मांडलिकानं लेण्याच्या लेखात आपली वंशावळ पिढ्यान् पिढ्या कोरून ठेवली. आत एक पोरगं वारसा मागतंय, बाहेर वारसदारांची यादी! भिंतीला माती-भुसा लिंपणाऱ्याचं, रंग घोटणाऱ्याचं, यशोधरेचे डोळे काढणाऱ्याचं नाव कुठंच नाही. काहून नाही? राफाएलचं नाव मात्र आपल्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरलाही पाठ.