दुसऱ्याच्या नावे आत्मचरित्र : टॉमस हार्डी

टॉमस हार्डीचा मृत्यू ११ जानेवारी १९२८ रोजी झाला आणि त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नी फ्लॉरेन्स हिच्या नावाने त्याच्या चरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. दुसरा १९३० मध्ये आला. अखेरची प्रकरणे वगळता हा मजकूर खुद्द हार्डीनेच तृतीयपुरुषी निवेदनात लिहिलेला होता. फ्लॉरेन्स तो टंकलिखित करी आणि मूळ हस्तलिखित नष्ट केले जाई. आत्मचरित्राचा वाचकाशी होणारा करार मुखपृष्ठावरील नावावर उभा असतो, ही फिलिप लजन यांची १९७५ मधील मांडणी येथे अडखळते. लेखक आणि चरित्रनायक एकच, नाव मात्र तिसऱ्याचे.

या प्रकाराला लबाडी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ग्रंथाच्या आरंभी हार्डी आपल्या कुळाचा संबंध जर्सी बेटावरील जुन्या ल हार्डी घराण्याशी जोडतो, तेव्हा ‘टेस’चा आरंभ आठवल्यावाचून राहत नाही. तेथेही जॉन डर्बीफील्डला एक पाद्री त्याच्या थोर कुळाची वार्ता देतो आणि त्या वार्तेतूनच पुढचा सर्वनाश ओढवतो. कादंबरीत ज्या मोहाचा उपहास केला, तोच मोह चरित्रात गंभीरपणे जोपासला गेला आहे. वडिलांचा गवंडीकामाचा व्यवसाय सावरून सांगितला जातो. आई जेमायमा हिने लग्नापूर्वी स्वयंपाकीण म्हणून केलेली नोकरी मात्र गाळली जाते. ग्रामीण कारागिरांच्या ज्या वर्गाच्या विस्थापनाविषयी ‘टेस’ इतक्या कळवळ्याने बोलते, त्या वर्गातून आलेल्या लेखकाला लंडनच्या उच्चभ्रू समाजात कोणती किंमत मोजावी लागली, हे या मौनातूनच अधिक कळते.

याहून महत्त्वाचा दावा वाङ्मयीन आहे. कविता हे खरे जीवितकार्य, कादंबरी हे उपजीविकेचे साधन, असे हा ग्रंथ सुचवतो. ‘ज्यूड’वर (१८९५) झालेल्या टीकेनंतर हार्डीने कादंबरीलेखन थांबवले आणि १८९८ मध्ये पहिला काव्यसंग्रह काढला, त्यामुळे हा दावा पटण्याजोगा वाटतो, अनेक समीक्षकांनी तो तपासल्याविना स्वीकारलाही. पण १८९१ मध्ये ‘ग्राफिक’ साप्ताहिकासाठी ‘टेस’ला कात्री लावताना हार्डीने शीलभंगाच्या जागी खोट्या विवाहाचा प्रसंग घातला आणि ग्रंथरूपात मूळ आशय पुन्हा प्रस्थापित केला. पुढे १९१२ च्या वेसेक्स आवृत्तीपर्यंत तो आपल्या कादंबऱ्यांवरून हात फिरवतच राहिला. केवळ पोटासाठी लिहिणारा, तेही कादंबरी सोडून सतरा वर्षे लोटल्यावर, एवढी यातायात कशाला करील? येथे चरित्राचा पुरावा संहितांच्या इतिहासापुढे टिकत नाही.

फ्लॉरेन्सची भूमिकाही टंकलेखिकेपुरती राहिली नाही. पतीच्या निधनानंतर तिने मेजवान्यांच्या लांबलचक याद्या, समीक्षकांवरील त्रागा आणि पहिली पत्नी एमा हिच्याविषयीचा काही मजकूर काढून टाकला. मायकेल मिलगेट यांनी १९८४ मध्ये हार्डीची संहिता पुन्हा सिद्ध केली. ज्या स्त्रीचे नाव अर्धशतकाहून अधिक काळ मुखपृष्ठावर होते, तिने स्वतः केलेले फेरफार त्या आवृत्तीत परिशिष्टात गेले.