गोळीनंतरचे प्रकरण

आपल्याकडील पोलिसांच्या चित्रपटांची गोष्ट बहुधा गोळी सुटली की संपते. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' (१९८३) मला या गर्दीत वेगळा वाटतो. त्यातल्या फौजदार वेलणकराच्या हातून कोठडीत एक भुरटा चोर मरतो, आणि मग त्याला धास्ती बसते ती चौकशीची. ती टाळण्यासाठी ज्याच्या दारी तो जातो, त्याचाच गळा घोटून तो आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. पण पडदा तेथेच पडतो. पुढचा कागदोपत्री भाग तेंडुलकरांनीही लिहिला नाही.

तो लिहिला सर्वोच्च न्यायालयाने. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे, या प्रकरणाचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ रोजी लागला. त्यात १६ सूचना आहेत. गुन्हा नोंदवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, पोलिसाने आपले शस्त्र तपासणीसाठी द्यावे, दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, आणि चकमकीपाठोपाठ लगेच बढती वा पदक देऊ नये.

बरोबर १० वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या आरोपीला तळोजा तुरुंगातून ठाण्याकडे नेत असताना, मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून तो मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे. बदलापुरात मिठाई वाटली गेली, फटाके वाजले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयासमोर आला. त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरले होते, आणि पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याची नोंद होती. एप्रिलमध्ये न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला.

त्या मिठाईमागचा संताप मला परका नाही. कल्याण-डोंबिवलीत लेकीबाळी शाळेत धाडणाऱ्या कुणालाच तो परका नसेल. पण चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. ज्याची गोळी खरोखर नाइलाजाने सुटली, त्या फौजदाराला तीच निष्कलंक ठरवू शकते, फटाके नव्हे. आणि त्या दोन मुलींचे काय? ज्याच्यावर आरोप होता, त्याच्याविरुद्ध साक्षीपुरावे होऊन निकाल लागणे आता कधीच शक्य नाही. त्यांच्या हक्काचे एक वाक्य, 'हा दोषी आहे', न्यायाधीशांच्या तोंडून यायचे राहूनच गेले.

वेलणकराच्या पुढची कथा कुणी लिहायला घेतलीच, तर तिची नायिका या दोघींपैकी एक असावी.