धूर की धुके?
वैचारिक लेखनाच्या अध्यापनाची एक चिकित्सा

'विज्ञान : शाप की वरदान?' हा निबंध आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिला आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी तो तपासलाही आहे. सुरुवातीला अग्नीचा शोध, मग वरदानाचे तीन परिच्छेद, अणुबाँबपासून शापाचे दोन, आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, त्याचा वापर माणसाच्या हाती आहे'. हा समारोप चुकीचा नाही. तो चुकूच शकत नाही, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. ज्या विधानाला कोणीच विरोध करणार नाही, ते पटवून देण्यासाठी पाच परिच्छेद कशाला हवेत?

पदवीच्या पहिल्या वर्षाला लेखनकौशल्य शिकवताना हाच साचा पुढे चालू राहतो. मुद्दे बदलतात, भाषा थोडी जड होते, पण विधान, त्याचे कारण आणि त्या कारणाचा पुरावा यांची सांगड कशी घालायची हे क्वचितच शिकवले जाते. विज्ञानाच्या शिक्षकांना हा मराठीच्या तासाचा प्रश्न वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. प्रयोगवहीतला 'निष्कर्ष' आणि निबंधातला 'समारोप' ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

एक साधे उदाहरण घेऊ. 'लोणावळ्यात पाऊस जास्त का पडतो?' या प्रश्नावर मावळातल्या विद्यार्थ्यांचे ठरलेले उत्तर असते : 'कारण लोणावळा उंचावर आहे.' आता पडताळा पाहा. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, पुण्याची सुमारे ५६०. फरक जेमतेम ६० मीटरचा. पावसात मात्र लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर आणि पुण्याला ७०० च्या आसपास. म्हणजे दिलेले कारण विधानाचा भार पेलत नाही. खरे कारण जागेत आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे कोकणातून येऊन घाटाच्या भिंतीला अडतात, थोड्या अंतरात पाच-सहाशे मीटर वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर पाऊस ओततात. माथा ओलांडला की हवा खाली उतरू लागते, तापते आणि पाऊस ओसरतो. 'उंचावर आहे' हे उत्तर अर्धेच होते, पण पुण्याची उंची शेजारी ठेवेपर्यंत ते पुरेसे वाटत होते. विरोधी उदाहरण शोधण्याची ही सवय म्हणजेच वैचारिक लेखनाचा पाया.

आता याहून अवघड, आणि मावळाच्या जिव्हाळ्याचा विषय. पवना धरणातले पाणी नदीच्या पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून पिंपरी-चिंचवड शहर ते उचलते. त्याऐवजी धरणापासून थेट बंदिस्त जलवाहिनी टाकावी, अशी महापालिकेची योजना होती. तिच्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन आंदोलक मृत्युमुखी पडले.

या विषयावर पहिल्या वर्षाच्या वर्गात लिहून घेतलेले काही निबंध आमच्या पाहण्यात आले. बहुतेकांत नेहमीचा साचा होता : पाणी म्हणजे जीवन, शहराचीही गरज, शेतकऱ्याचीही गरज, समन्वय हवा. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते की उन्हाळ्यात धरणातून नदीला पाणी सोडले की तीन-चार दिवसांनी त्यांच्या काठावरच्या विहिरीची पातळी वाढते. या वाक्याखाली तांबडी रेघ होती आणि समासात शेरा : 'विषयांतर. अनुभव नको, विचार लिहा.'

आमच्या मते त्या संपूर्ण गठ्ठ्यात पुरावा म्हणता येईल असे ते एकमेव वाक्य होते. का, ते पाहू. बंदिस्त वाहिनीच्या बाजूचे म्हणणे असे की उघड्या पात्रातून येताना पाणी झिरपून आणि वाफ होऊन कमी होते, शिवाय वाटेत दूषित होते. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की पात्र कोरडे पडले तर काठच्या विहिरी आणि उपसा सिंचन दोन्ही धोक्यात येतील. धरणातून किती पाणी सोडले आणि रावेतला किती पोचले, हे मोजता येते. पण वजाबाकी करून आलेला आकडा पुरेसा नाही. त्यातले वाफ झालेले पाणी दोघांनाही गमावलेले. झिरपलेले पाणी मात्र शहराच्या हिशेबात तूट आणि विहिरीच्या हिशेबात भरणा. त्या मुलीचे निरीक्षण नेमके या सांध्यावर बोट ठेवत होते.

अर्थात तिचे वाक्य जसेच्या तसे सिद्धान्त म्हणून स्वीकारावे, असे आम्ही म्हणत नाही. एका विहिरीवरून नियम निघत नाही. त्या दिवसांत शेजारच्याने उपसा थांबवला होता का? नदीपासून लांबच्या विहिरीतही तसेच होते का? शिक्षकाने विचारायला हवे होते ते हे प्रश्न. रेघ मारून ते विचारता येत नाहीत.

आपल्या परंपरेला ही शिस्त अपरिचित नाही. न्यायशास्त्रात प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी अनुमानाची पाच अंगे सांगितली आहेत आणि डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान हे त्यांचे ठरलेले उदाहरण आहे. जुलै महिन्यात मळवली स्थानकावर उभे राहून लोहगडाकडे पाहावे. कड्याला बिलगलेला पांढरा लोट धूर आहे की धुके, हे ठरल्याशिवाय अग्नीची गोष्ट काढण्यात अर्थ नाही. हेतूच खरा नसेल तर त्याला नैयायिक 'असिद्ध' म्हणतात. त्यांनी चर्चेचेही प्रकार पाडले : सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडण्यासाठी वितंडा. आपल्या वादविवाद स्पर्धांत चिठ्ठी उचलून बाजू ठरते आणि टाळ्यांवर निकाल लागतो. वक्तृत्वाचा सराव म्हणून ते ठीक, पण तो जल्प आहे हे विद्यार्थ्यांना सांगावे तरी.

साच्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात, परीक्षेच्या घाईत, घाबरलेल्या मुलाला साचा आधार देतो. तो काढून घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. त्यातले खण बदलावेत. माझे विधान काय? ते कशावरून? ज्याला हे पटत नाही त्याचे सर्वांत बळकट म्हणणे कोणते? आणि काय दिसले तर मी माझे मत बदलेन? तपासताना गुणही या चार खणांना द्यावेत. समारोप गोड नसला तरी चालेल.

आणखी एक भेद शिकवावा. नदीच्या पाण्याने विहीर भरते का, हा मोजण्याचा प्रश्न आहे. पाणी अपुरे असताना आधी कोणाला द्यावे, हा न्यायाचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही. पण पहिल्याचे उत्तर न शोधता दुसऱ्यावर बोलले की आवाज चढतो. या मुलांपैकी कित्येकजण उद्या ग्रामसभेत बसतील, जमिनीच्या नोटिशीला लेखी हरकत घेतील. तेथे 'दुधारी शस्त्र' उपयोगी पडणार नाही.

मावळातील शिक्षकमित्रांना आमची एक सूचना आहे. येत्या उन्हाळ्यात नदीकाठच्या दोन आणि लांबच्या दोन विहिरी निवडा. दोराला गाठी मारून रोज ठरावीक वेळी पातळी मोजायला सांगा. धरणातून पाणी सोडल्याच्या तारखा शेजारी मांडा. उपशाचे तासही लिहून ठेवा. मग 'पवनेचे पाणी' या विषयावर दोन पाने लिहून घ्या. विज्ञानाच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी ती एकत्र बसून तपासावीत.