हंसाचा संसार

मराठीत हंसाकडे आज दोनच कामे उरली आहेत. पहिले, दूध आणि पाणी वेगळे करण्याचे. हे काम समीक्षकांनी त्याच्याकडे सोपवले, आणि ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द ग्रंथपरीक्षणात इतका रुळला की लिहिणाऱ्याला आता पक्षी आठवतही नाही. दुसरे काम लग्नाच्या हॉलमधले. माजिवड्यापासून घोडबंदर रस्त्याने निघालात तर मोसमात कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर माना जुळवून बदामाचा आकार करणारी पांढरी थर्माकोलची जोडी दिसतेच. एक हंस न्यायाधीश, दुसरा शोभेचा. दोघांनाही घरदार नाही. आपल्या जुन्या कवितेतला हंस मात्र घरासाठी रडलेला आहे. त्याचे रडणे आपण पाठ केले आणि त्याचा अर्थ सोडून दिला, असे मला वाटते. तो अर्थ परत मिळवायचा तर आधी पक्षी कोणता हे ठरवावे लागेल.

‘हंस’ हा शब्द इंग्रजी ‘गूज’, जर्मन ‘गान्स’ आणि लॅटिन ‘आन्सर’ यांचा सख्खा भाऊ. या तिन्हींचा अर्थ एकच, रानबदकाहून थोर आणि ‘स्वान’हून आखूड मानेचा पाणपक्षी. इंग्रजीत ‘गूज’ म्हणजे मूर्ख, त्यामुळे संस्कृत काव्याचे भाषांतर करणाऱ्यांना तो शब्द नकोसा वाटला आणि त्यांनी ‘स्वान’ लिहिले. डच पंडित फोगल यांनी १९६२ साली भारतीय साहित्य आणि कलेतल्या हंसावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहून हा पक्षी ‘गूज’ असल्याचे मांडले. पुढे १९८५ मध्ये के. एन. दवे यांनी संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरच्या ग्रंथात या शब्दाची व्याप्ती मोठी धरली. वाद संपलेला नाही. पण लांब मानेचा युरोपीय ‘स्वान’ भारतात हिवाळ्यात क्वचित, तोही वायव्येकडे भरकटून येतो, एवढे निश्चित. महाराष्ट्रातल्या कवीने तो तळ्यावर पाहून लिहिले असेल, हे संभवत नाही.

अमरकोशात राजहंसाची ओळख स्पष्ट आहे: अंग पांढरे, चोच आणि पाय तांबडे. ‘स्वान’चे पाय काळपट. तांबडे पाय पाहायचे तर माजिवड्याच्या माणसाला लांब जावे लागत नाही. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रंगावरून हा रोहितच राजहंस ठरवावा, असा मोह होतो. पण कवितेतल्या हंसाची खरी खूण रंगापेक्षा त्याच्या निष्ठेत आहे, आणि तिथे रोहित नापास होतो. फ्रान्समधल्या कामार्ग प्रदेशातल्या थोरल्या रोहितांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की ते जवळजवळ दरवर्षी जोडीदार बदलतात.

उरतो पट्टकादंब. मराठी पक्षिपुस्तकांत याला ‘पट्टेरी राजहंस’ही म्हणतात. फिकट राखी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, नारिंगी चोच आणि पाय. तो तिबेट आणि लडाखच्या तळ्यांवर वीण घालतो, ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून हिमालय ओलांडतो आणि हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाणलोटावर उतरतो. मानसरोवराहून येणारा हंस ही कविकल्पना म्हणावी, तर तिच्या पायाशी असा हाडामांसाचा पक्षी उभा आहे. अमरकोशातला शुभ्र रंग मात्र त्याला पुरता लागू पडत नाही.

हंसांच्या संसाराविषयी पक्षिशास्त्र काय सांगते? इंग्लंडमध्ये स्लिमब्रिज येथे १९६४ पासून बेविक जातीच्या ‘स्वान’ची, चोचीवरच्या खुणा ओळखून, एकेकाची नोंद ठेवली जाते. चाळीसहून अधिक वर्षांत सुमारे ४,००० जोड्यांपैकी दोनच विभक्त झाल्याचे तिथल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये सांगितले. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या ‘स्वान’ची गोष्ट वेगळी. त्यांच्या सहा पिल्लांतल्या साधारण एकाचा बाप दुसराच निघाला. म्हणजे सोबत राहणे आणि एकनिष्ठ असणे या दोन गोष्टी आहेत. पट्टकादंब आणि त्याच्या भाऊबंदांत अंडी मादी एकटी उबवते, नर पहारा देतो. पिल्ले हिंडूफिरू लागतात त्या दिवसांत आईबापांची उडण्याची पिसे एकदम गळतात आणि काही आठवडे अख्खे कुटुंब जमिनीला खिळते. पुढे पिल्ले आईबापांबरोबरच स्थलांतर करतात, पहिला हिवाळा त्यांच्याच सोबत काढतात. हंसाची निष्ठा ही अशी कामाची निष्ठा आहे. ती पहाऱ्यात आणि प्रवासात दिसते. माना जुळवण्याला तिच्यात फारसे स्थान नाही.

आता कवितेकडे वळू. नळाने हंस पकडला, ही कथा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी येते. महाभारताच्या वनपर्वात पकडलेला हंस नळाशी सौदा करतो: मला मारू नकोस, मी दमयंतीपाशी तुझे गुण गाईन. तिथे घराचा उल्लेख नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने नैषधीयचरितात हंसाला विलाप दिला: जराजर्जर आई, तिचा मी एकुलता एक, आणि नुकतीच प्रसूत झालेली बिचारी मादी. मादीसाठी संस्कृतात ‘वरटा’ असा खास शब्द आहे, तोच तो वापरतो. सतराव्या शतकातला मानला जाणारा आपला रघुनाथ पंडित ‘दमयंती स्वयंवरा’त हाच विलाप घेतो. म्हणून त्याला श्रीहर्षाचा अनुवादक समजून पुढे जाण्याची आपल्याकडे सवय आहे.

त्याने जे बदलले ते पाहण्यासारखे आहे. श्रीहर्षाची आई म्हातारपणाने जर्जर आहे. रघुनाथ पंडिताच्या आईला उडता येत नाही. ‘जर्जर’ कुणाचीही आई असते, उडता न येणारी आई फक्त पक्ष्याची. श्रीहर्षाची वरटा नवप्रसूता आहे. रघुनाथ पंडित दिवस मोजतो. सात. हा आकडा मराठी घरातून आलेला आहे. पाचवी-सहावी होऊन गेली, सटवाईने कपाळी जे लिहायचे ते लिहिले, सोयर फिटायला अजून तीन दिवस आहेत. घरात बाळंतीण आहे आणि कर्ता बाहेर अडकला आहे. ‘एकुलता एक’ हे विशेषण त्याने गाळले, कारण उडू न शकणारी आई आणि सात दिवसांची बाळंतीण एवढे सांगितल्यावर दुसरा मिळवता कुणी नाही हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. महाभारतात सौदा, श्रीहर्षात विलाप, रघुनाथ पंडितात घरचा हिशेब. दुःख जितके मोजके, तितके ते खरे वाटते.

यातली बाळंतीण आणि पिल्ले निसर्गातही जशीच्या तशी सापडतात. म्हातारी आई सापडत नाही. हंसाचा वाढलेला मुलगा आईला सांभाळत नाही. ती माणसांच्या घरातून कवितेत आली. कवीने पक्ष्याचे निरीक्षण केले होते, असा दावा मी करणार नाही. त्याने बाळंतिणीचे घर पाहिले होते, एवढे मात्र ओळ सांगते.

याच कथेचे एक भावंड महाराष्ट्रात त्याच्या हजारभर वर्षे आधी रंगवले गेले आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हंसजातक आहे. हंसांचा राजा फासात सापडतो, थवा उडून जातो, आणि सुमुख नावाचा त्याचा सेनापती मागे थांबतो. मला घे, याला सोड, असे तो पारध्याला म्हणतो. पारध्याचे मन द्रवते. दोन्हीकडे रचना एक: हंस बलवानाच्या हातात आहे, चोच किंवा पंख उपयोगाचे नाहीत, आणि त्याला सोडवते ते त्याचे नाते. एकात नाते शेजारी उभे आहे, दुसऱ्यात दूर घरट्यात वाट पाहते आहे.

मग हा बद्ध, बोलणारा हंस आपल्या नजरेआड कसा झाला? चित्रांनी थोडे काम केले. रविवर्म्याने १८९९ च्या सुमारास रंगवलेल्या ‘हंस-दमयंती’त पांढरा, लांब मानेचा ‘स्वान’ आहे; त्याच्या छापखान्याच्या, म्हणजे आधी गिरगावात आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला चाललेल्या प्रेसच्या, चित्रांनी देवादिकांची आणि पुराणकथांची रूपे घरोघरी ठरवून टाकली. पुढे अँडरसनच्या १८४३ च्या गोष्टीवरून माडगूळकरांनी बदकांच्या तळ्यातले वेडे कुरूप पिल्लू मराठीत आणले. गाणे गोड आहे, पिढ्या त्यावर वाढल्या. पण त्यातला राजहंस पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहून मोठा होतो. रघुनाथ पंडिताचा हंस स्वतःकडे पाहतच नाही. तो घरच्यांची गणती करतो. एक वेगळेपणाचा हंस, दुसरा गुंतलेपणाचा. मराठी मध्यमवर्गाने पहिला निवडला.

नीरक्षीराचेही तसेच. लॅनमन या अमेरिकी संस्कृतज्ञाने १८९८ मध्ये सुचवले की हंसाचे ‘क्षीर’ म्हणजे कमळाच्या देठातला दुधासारखा चीक असावा. पाण्याखालचे देठ उपटून चीक खाणारा पक्षी दूर उभा राहून निवाडा करत नाही. तो चिखलात मान घालून आपले पोट भरतो. समीक्षकाला हंस व्हायचेच असेल तर मला हा हंस अधिक आवडेल. त्याला कवितेच्या तळाशी जावे लागेल आणि तिथला चिखल अंगाला लागू द्यावा लागेल.

तो श्लोक शार्दूलविक्रीडिताचा नमुना म्हणून कित्येकांनी शाळेत म्हटला असेल. लघुगुरू मोजून झाले की एकदा दिवस मोजून पाहावेत. सात. राजाच्या मुठीत आपला जीव असताना ज्याला घरच्या बाळंतिणीचा दिवस चुकत नाही, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी आहे.