'रेएम' : एक शब्द, तीन जनावरे

शब्बाथाच्या ९२व्या स्तोत्रात कर्ता देवाचे आभार मानतो की, त्याने आपले शिंग 'रेएम'च्या शिंगासारखे उंच केले. शिंग उंच होणे म्हणजे बळ आणि मान मिळणे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण हा रेएम कोण?

एकाच घरात याची तीन उत्तरे मिळतात. जुने इंग्रजी बायबल वाचलेले आजोबा 'युनिकॉर्न' म्हणतात. आजी 'रानबैल' म्हणते. इस्राएलच्या शाळेत शिकणारा नातू मात्र ओरिक्सचे, म्हणजे लांब, सरळ शिंगांच्या पांढऱ्या कुरंगाचे चित्र दाखवतो. आजच्या हिब्रूत रेएम म्हणजे तोच.

युनिकॉर्नचे मूळ प्राचीन ग्रीक भाषांतरात आहे. त्यांनी येथे 'एकशिंगी' असा शब्द घातला आणि १६११ सालच्या इंग्रजी भाषांतराने तोच उचलला. परंतु मोशेने योसेफाला दिलेल्या आशीर्वादात (देबारीम ३३:१७) एकाच रेएमची 'शिंगे' असे अनेकवचन आहे. एकशिंग्याला शिंगे कोठून येणार? इंग्रजी भाषांतरकारांनी मग जनावरच अनेकवचनी केले! आमच्या मते हे औषध बदलण्याऐवजी बाटलीवरची चिठ्ठी बदलण्यासारखे झाले. १८८५ च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने 'रानबैल' लिहून ही चूक दुरुस्त केली.

इयोबाच्या ३९व्या अध्यायात देव विचारतो, रेएम तुझे शेत नांगरील काय? हरणाला जुंपण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? हा प्रश्न बैलाविषयीच शोभतो. प्राचीन अक्कादी भाषेतही 'रीमु' म्हणजे रानबैल. त्या जातीची शेवटची गाय १६२७ साली पोलंडात मेली.

मग नातू चुकला काय? नाही. अरबीत 'रीम' हे पांढऱ्या हरणाचे नाव आहे, त्यामुळे कुरंगाला ते नाव देणे अगदीच निराधार नव्हे. अरबी ओरिक्सही १९७२ साली रानातून नाहीसा झाला होता. पाळीव कळपांतून वाढवून १९८२ साली त्याला ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडले.

तेव्हा आमचे म्हणणे इतकेच : प्रार्थनेत रानबैल समजावा, वाळवंटात कुरंग, आणि युनिकॉर्न गोष्टींच्या पुस्तकात राहू द्यावा. कोकणात वाढलेल्यांनी सह्याद्रीतला गवा आठवावा. जनावर तेच नव्हे, पण त्याची मान आणि शिंगे पाहिलेल्यास स्तोत्रकर्त्याने कोणते बळ मागितले, हे निराळे सांगावे लागणार नाही.